वाळवलेले रोटिफर परत का उठले नाहीत? (माझा फसलेला प्रयोग)

गच्चीवरची:
लेकीसाठी म्हणून घेतलेलं सूक्ष्मदर्शक आता माझंच झालंय. ती चार दिवस खेळली, मी वर्षभर खेळतेय. सात महिन्यांपूर्वी गच्चीच्या कठड्यावरचं शेवाळं खरवडून कागदी पाकिटात घातलं आणि विसरून गेले. परवा आवराआवरीत पाकीट सापडलं. आत नुसता तपकिरी भुगा. फेकणार होते, पण म्हटलं बघू तर खरं. बशीत घेऊन पाणी घातलं. वीसेक मिनिटांत भुगा हिरवा! तासाभराने शेवाळं पिळून थेंब काचपट्टीवर घेतला, तर त्यात रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म प्राणी) फिरताहेत. डोक्यावरची दोन चक्रं गरगरताहेत, जळवेसारखं अंग आखडून-लांबवून चालणं सुरू आहे. एक पाणअस्वलही (टार्डिग्रेड) दिसलं, आठ पायांनी धडपडत होतं. सात महिने खडखडीत कोरडं राहिल्यावर!

इथपर्यंत आनंदीआनंद. मग मला सुचलं की हा चमत्कार लेकीला डोळ्यांदेखत दाखवावा. तोच थेंब काचेवर पंख्याखाली वाळू दिला, दहा मिनिटांत कोरडा झाला. दुसऱ्या दिवशी पाणी घातलं. काही नाही. तास गेला, दोन तास गेले, तरी काही नाही. नुसती फाटकी सालं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

तर प्रश्न दोन. एक, पाकिटातले उठतात आणि काचेवरचे मरतात, असं का? दोन, त्या सात महिन्यांत ते जिवंत होते का? लेकीने विचारलंय आणि माझ्याकडे उत्तर नाही.

रिकामटेकडा:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तुम्ही खून केलात. तीनदा. पंखा हे हत्यार जप्त करण्यात यावं.

कुतूहल_मोड:
मस्त धागा! पाणअस्वलं तर अमर असतात ना? उकळत्या पाण्यात टाका, अंतराळात सोडा, काही होत नाही म्हणे. तुमच्या नळाच्या पाण्यातलं क्लोरीन नडलं असणार.

गच्चीवरची:
@कुतूहल_मोड, पाकिटातल्यांनाही तेच पाणी दिलं होतं हो.

तळटीप:
क्लोरीन नाही, घाई नडली. म्हणजे रिकामटेकडा म्हणतात तो पंखाच.

तुमचा प्रयोग फार जुना आहे आणि तो असाच फसतो हेही जुनंच आहे. १७०२ साली सूक्ष्मदर्शकातून जीव पाहणारे डच संशोधक लेव्हेनहुक यांनी छपराच्या पन्हळीतला वाळलेला गाळ पाण्यात भिजवला आणि त्यातून हेच प्राणी हालताना पाहिले. पुढे त्याच शतकात इटलीचे जीवशास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी यांनी बारकाईने पाहिलं, तर काचेवर उघडे वाळवलेले रोटिफर उठत नाहीत आणि वाळूत वाळवलेले उठतात. वाळूत जादू वगैरे नाही. कणांच्या फटीत पाणी धरून राहतं आणि सावकाश जातं, एवढंच. शेवाळाची पानं नेमकं हेच काम करतात.

सावकाश का हवं? कारण वाळणं त्यांच्यावर येऊन आदळत नाही, ते वाळायची तयारी करतात. रोटिफर डोकं आणि पाय आत ओढून घेतो आणि गोळा होतो. पाणअस्वल पाय आत घेऊन पिंपासारखं होतं, त्याने उघडं अंग कमी होतं आणि पाणी जाण्याचा वेग आणखी उतरतो. आतमध्ये संरक्षक रेणू बनवायचे असतात, त्याला तास लागतात. आफ्रिकेतल्या खडकांवरच्या डबक्यांत पॉलिपेडिलम व्हँडरप्लँकी नावाची एक माशी असते, चावत नाही. तिच्या अळ्यांना साधारण ४८ तासांत सावकाश वाळवलं तर त्या उठतात, काही तासांत वाळवलं तर मरतात. या वेळात त्या ट्रेहॅलोज नावाची शर्करा बनवत असतात. वाळलेल्या अळीच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा ती साखरच असते.

तुम्ही दहा मिनिटं दिलीत. बिचाऱ्यांना सामान बांधायलाही वेळ मिळाला नाही.

रिकामटेकडा:
निदान नोटीस तरी द्यायची, ताई.

उंटावरचा:
यात उंटाचा उल्लेख नाही हे पाहून वाईट वाटलं (आयडीची लाज राखायला हवी). उंट शरीराच्या वजनाच्या २५ टक्क्यांपर्यंत पाणी गमावतो आणि मग एका बैठकीत शंभर लिटरच्या आसपास पिऊन टाकतो. एवढं पाणी एकदम आल्यावर आपल्या रक्तपेशी फुटल्या असत्या. त्याच्या अंडाकृती असतात आणि फुगूनही टिकतात.

तळटीप:
उंटाला मानाचा मुजरा, पण तो वेगळ्या वर्गात बसतो. तो पाणी वाचवतो आणि तोटा झाला तर सोसतो, कोरडा होत नाही. आफ्रिकेतला फुप्फुसमासा चिखलात शिरून स्वतःभोवती चिकट स्रावाचं कवच करतो आणि त्यात तीन-चार वर्षंही काढू शकतो. तोही आत ओलाच असतो, मंद श्वास चालू असतो. आपण बोलतोय ते प्राणी ९५ टक्क्यांहून जास्त पाणी गमावतात. एक ग्रॅम कोरड्या द्रव्यामागे ०.१ ग्रॅमपेक्षा कमी पाणी उरतं. एवढ्याशा पाण्यात प्रथिनांभोवती एक पदरसुद्धा पुरता बसत नाही, मग चयापचय कुठला चालणार? दुष्काळात काटकसरीने राहणं वेगळं आणि घराला कुलूप लावून निघून जाणं वेगळं.

विरजण:
छान चर्चा, पण एक दुरुस्ती. ट्रेहॅलोज हे सगळ्यांचं उत्तर नाही. पाणअस्वलांच्या अनेक जातींत ते अगदी थोडं सापडतं आणि तुमच्या गच्चीवरच्या, म्हणजे डेलॉइड गटातल्या रोटिफरांत तर सापडतच नाही. तरी ते वाळून उठतात. म्हणजे ज्या प्राण्यावरून धागा सुरू झाला, त्यालाच तळटीप यांची गोष्ट लागू पडत नाही.

तळटीप:
मान्य. अळीची गोष्ट रोटिफरला चिकटवली, ही माझी चूक. सावकाश वाळण्याचा मुद्दा मात्र दोघांना लागू आहे.

विरजण:
तो आहेच. थोडं लिहितो, म्हणजे इतरांनाही धागा सापडेल.

पाणी गेल्यावर पेशीत दोन मोठी संकटं येतात. प्रथिनांच्या घड्या पाण्यामुळे नीट राहतात, पाणी गेलं की त्या उलगडतात आणि प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळे होतात. दुसरं, पेशीपटल. ते स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं असतं आणि त्या रेणूंच्या डोक्यांमध्ये पाणी बसलेलं असतं. पाणी निघून गेलं की रेणू दाटीवाटीने चिकटतात, शेजारशेजारची पटलं एकमेकांत मिसळतात. ट्रेहॅलोज या डोक्यांमध्ये पाण्याच्या जागी जाऊन बसतं. जॉन आणि लोइस क्रो या दांपत्याने १९८० च्या दशकात हे पुढे आणलं. शिवाय साखर पुरेशी वाळली की तिचे स्फटिक होत नाहीत, काचेसारखा घट्ट पदार्थ होतो. त्या काचेत सगळं जिथल्या तिथे अडकून राहतं. हलताच येत नाही, म्हणून बिघडतही नाही.

साखर नसलेल्यांकडे प्रथिनं असतात. १९८० च्या सुमारास कापसाच्या बियांत, त्या पिकून वाळू लागतात तेव्हा, मोठ्या प्रमाणात तयार होणारी काही प्रथिनं सापडली. पुढे त्याच कुळातली प्रथिनं सूत्रकृमींत, रोटिफरांत, त्या अळीतही मिळाली. पाणअस्वलांची स्वतःची वेगळी प्रथिनं आहेत, २०१७ मध्ये त्यांच्यावर काम प्रसिद्ध झालं. या प्रथिनांना ठरावीक आकारच नसतो. पाण्यात ती सैलसर दोऱ्यांसारखी असतात आणि वाळताना काचरूप होतात. आकार नसलेलं प्रथिन आकार असलेल्याला सांभाळतं, हे मला तरी फार आवडतं.

ओलावा:
@गच्चीवरची, एक विचारू? कठड्यावर असतं ते शेवाळ नव्हे, शेवाळी. शेवाळ म्हणजे शैवल, पाण्यातलं. हे वेगळं.

गच्चीवरची:
आमच्याकडे दोन्हीला शेवाळंच म्हणतात. पाय घसरला की नाव कोण विचारतंय.

रिकामटेकडा:
आता यावर चाळीस प्रतिसाद. मी चटई टाकून बसतो.

ओलावा:
चेष्टा करू नका, फरक महत्त्वाचा आहे. शेवाळीला खरी मुळं नसतात, आत पाणी धरून ठेवायची सोय नसते. ऊन आलं की वाळणार, थेंब पडला की भिजणार, दिवसातून दोनदासुद्धा. त्यामुळे तिच्यात नुसतं वाळणं सोसण्यापेक्षा भिजल्यावर दुरुस्ती करण्याची तयारी जास्त असते. दुरुस्तीचे निरोप (आरएनए) वाळतानाच लिहून ठेवलेले असतात. पाणी आलं की लगेच कामाला लागायचं.

गच्चीवरची:
आता 'शेवाळी' म्हणेन. पटलं.

पेढी_क्र_४:
माझी नोकरी बियाण्यांच्या साठवणीत गेली, म्हणून दोन शब्द. सगळे पाणअस्वलाच्या मागे लागलेत, पण कडकडीत वाळून जगणारी वस्तू माणूस शेती सुरू झाल्यापासून हातात धरून आहे. बी!

बहुतेक बिया पिकताना स्वतःच वाळतात. आम्ही त्यांना आणखी वाळवतो, आर्द्रता पाच-सात टक्क्यांवर आणतो, मग गारठ्यात ठेवतो. आमच्या धंद्यातला ढोबळ नियम असा की आर्द्रता एक टक्क्याने उतरवली की बियाण्याचं आयुष्य दुप्पट होतं आणि तापमान ५ अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बीजकोठारात उणे १८ अंश ठेवतात ते याचसाठी. पण आंबा, फणस, कोको, रबर यांची बी वाळवली की मरते. ती झाडावरून पडते तीच ओली आणि लगेच रुजायच्या तयारीत. तिला वाळायचा धडाच मिळालेला नसतो. म्हणून अशा पिकांची जिवंत झाडंच राखावी लागतात, कोठारात पाकीट ठेवून भागत नाही.

किती काळ टिकतात? १८७९ साली विल्यम बील यांनी मिशिगनमध्ये २० बाटल्यांत वाळू आणि बिया मिसळून पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढायची. २०२१ मध्ये रात्री टॉर्च घेऊन एक काढली, १४२ वर्षांनंतर. काही बिया रुजल्या. पुढची २०४० मध्ये. इस्रायलमधल्या मसादा इथल्या उत्खननात मिळालेली खजुराची साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची बी २००५ मध्ये रुजली, ती सगळ्यांना माहीत असेल. झाडाचं नाव मेथुसेला ठेवलं.

रिकामटेकडा:
रात्री का? दिवसा बी लाजते?

पेढी_क्र_४:
उजेडाने रुजण्याची सुरुवात होऊ शकते आणि मग मोजणी बिघडते. पुरलेल्या जागी बाकीच्या बाटल्याही असतात. थट्टेतही बरा प्रश्न विचारलात.

पावभर_यीस्ट:
सुकं यीस्ट वापरणाऱ्यांना एक गोष्ट कळली असेल. पाकिटावर 'कोमट पाण्यात भिजवा' लिहिलेलं असतं. मी बरीच वर्षं समजत होते की त्याने ते 'लवकर जागं होतं'. एकदा गार पाण्यात टाकलं, फसफस निम्मीसुद्धा झाली नाही. विरजण यांचं वाचून आता डोक्यात प्रकाश पडतोय. पण नक्की काय होतं?

विरजण:
वाळलेलं पेशीपटल थिजलेल्या तुपासारखं असतं. गार पाण्यात टाकलं तर पाणी शिरत असतानाच ते थिजल्याचं पातळ होत जातं आणि त्या संक्रमणात पटल गळतं. आतला माल बाहेर. ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात ते आधीच पातळ झालेलं असतं, मग पाणी शिरताना गळती कमी. काही बियांनाही गार पाण्यात भिजण्याचा असाच फटका बसतो.

म्हणजे मरण वाळतानाच येतं असं नाही, भिजतानाही येतं. गच्चीवरची, तुमच्या काचेवरच्यांचं नेमकं कधी झालं हे सांगता येणार नाही. फाटकी सालं दिसली म्हणता, तर बहुधा वाळतानाच.

गच्चीवरची:
म्हणजे पाकिटातले सुटले, कारण शेवाळीने त्यांना दोन्ही वेळा वेळ दिला. जातानाही आणि येतानाही.

कुतूहल_मोड:
आणि माझ्या अमर पाणअस्वलाचं काय?

विरजण:
तुमच्यावर रोख नाही, पण 'अमर' या शब्दाने मी वैतागतो. चालतंफिरतं, ओलं पाणअस्वल उन्हाळी पाण्यातही मरतं. २०२० मध्ये एका जातीवर काम झालं, त्यात सवय नसलेली ३७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात २४ तास ठेवली तर निम्मी मेली. आपल्या अंगाच्या नेहमीच्या उष्णतेएवढं! १०० अंशांच्या वगैरे गोष्टी वाळलेल्यांच्या, आणि त्याही थोड्या वेळापुरत्या. अंतराळात २००७ मध्ये नेली ती वाळलेलीच होती. निर्वात बऱ्याच जणांनी सोसला, पण सूर्याच्या पूर्ण अतिनील किरणांसकट फारच थोडी वाचली.

आणि ती १२० वर्षांची गोष्ट! १९४८ मध्ये इटलीत संग्रहालयातली १२० वर्षं जुनी शेवाळी भिजवली, त्यात एका पाणअस्वलाच्या पायाला किंचित कंप दिसला. एवढंच. ते चाललं नाही, खाल्लं नाही. पण पुढे लिहिणाऱ्यांनी त्याला १२० वर्षांनी जिवंत करून सोडलं. गोठवलेल्याचं वेगळं. अंटार्क्टिकातली १९८३ मधली शेवाळी गोठवून ठेवली होती, तिच्यातली पाणअस्वलं ३० वर्षांनी उठली आणि त्यांनी अंडीही घातली. सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतले रोटिफर सुमारे २४,००० वर्षांनी उठल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. हे बर्फातलं टिकणं आहे. खोलीच्या तापमानाला, हवेत, नुसतं वाळून राहायचं तर प्राणवायू हळूहळू पोखरतोच.

ओलावा:
हे प्राणवायूचं रोटिफरबाबत फार खरं आहे. वाळल्यावर त्यांचा डीएनए तुकडे तुकडे होतो आणि भिजल्यावर ते तो परत जोडतात. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स नावाचा जिवाणू १९५६ मध्ये किरणांनी निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात सापडला, तेव्हा प्रश्न पडला होता की पृथ्वीवर एवढे किरण कुठेच नाहीत, मग हे कौशल्य आलं कशासाठी? १९९६ मध्ये दाखवलं गेलं की किरणांपुढे न टिकणारे त्याचे उत्परिवर्तित भाऊबंद वाळणंही सोसू शकत नाहीत. म्हणजे तयारी दुष्काळाची होती, किरण फुकटात सोसले गेले.

उंटावरचा:
प्रतिसाद काढून टाकला आहे (दोनदा आला).

कुतूहल_मोड:
माझी एक फजिती सांगतो. कुणीतरी 'पुनर्जन्माचं फूल' भेट दिलं होतं. वाळका गोळा, पाण्यात ठेवला की उलगडतो. सहा महिने मी त्याची निगा राखली. वाळवायचो, भिजवायचो, त्याच्याशी बोलायचोसुद्धा. मग एका जाणत्याने सांगितलं की ते केव्हाच मेलंय.

ओलावा:
ते जेरिकोचं गुलाब म्हणवणारं अनास्टॅटिका असेल. ते एकवर्षायू आहे, मेल्यावरच गोळा होतं. ओलाव्याने फांद्या उघडतात, त्यात जीव लागत नाही, पाइनचं बोंड उघडतं-मिटतं तसंच. उघडल्यावर बिया सांडाव्यात एवढाच हेतू. त्याच नावाने सेलाजिनेला लेपिडोफायला विकतात, ती मात्र खरोखर उठते आणि हिरवी होते. पुढच्या वेळी उलगडल्यावर रंग बघा.

खऱ्यांतली माझी आवडती म्हणजे दक्षिण आफ्रिकेकडची झेरोफायटा. वाळताना ती आपलं हरितद्रव्यच मोडून टाकते, कारण पाणी नसताना ऊन पडत राहिलं तर हरितद्रव्य घातक ठरतं. भिजल्यावर सगळं नव्याने बांधते. क्रेटरोस्टिग्मा नावाची दुसरी वनस्पती हरितद्रव्य ठेवते आणि पानं मुडपून स्वतःच्याच सावलीत बसते. दोन घरांच्या दोन रीती.

कुतूहल_मोड:
सहा महिने मढ्याशी बोलत होतो तर.

रिकामटेकडा:
त्यानेही कधी उलट उत्तर दिलं नाही, हे काय कमी आहे.

तळटीप:
यावरून ताईंचा दुसरा प्रश्न आठवला, जो सगळ्यांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवलाय. सात महिने ते जिवंत होते का?

हा वाद पॅरिसमध्ये हातघाईवर आला होता. दुआयेर नावाचे संशोधक म्हणायचे, हे प्राणी पूर्ण वाळून परत उठतात. त्यांचे विरोधक पूशे म्हणायचे अशक्य, कुठेतरी ओल राहिली असणार. शेवटी जीवशास्त्र मंडळाने समिती नेमली. पॉल ब्रोका यांनी १८६० मध्ये अहवाल लिहिला. निर्वातात वाळवून, नंतर अर्धा तास १०० अंशांवर तापवूनही काही प्राणी उठले. तरी 'मग ते मेले होते की नाही' यावर शहाण्यांचं एकमत झालं नाही. १९५९ मध्ये डेव्हिड केलिन यांनी 'क्रिप्टोबायोसिस', म्हणजे लपलेलं जीवन, हा शब्द दिला. चयापचय मोजता येत नाही किंवा थांबलेलाच आहे, पण रचना शाबूत आहे, अशी अवस्था.

उंटावरचा:
मला हे पटत नाही. श्वास नाही, चयापचय नाही, वाढ नाही, मग जिवंत कशाच्या जोरावर म्हणायचं? 'पुढे उठेल' या आशेवर? उद्या उठला नाही तर तो आज मेलेला होता असं मागे जाऊन ठरवायचं?

पेढी_क्र_४:
आम्ही रोज तेच करतो, साहेब. बी जिवंत आहे का हे पेरूनच कळतं. शंभर पेरतो, नव्वद रुजल्या तर नव्वद टक्के जिवंत लिहितो. उरलेल्या दहा कधी मेल्या याची नोंद कुठेच नसते.

विरजण:
मी याकडे असं बघतो. 'बंद पडलेलं' आणि 'बंद ठेवलेलं' यात आपण भाषेतच फरक करतो. मेलेल्या पेशीत रचना मोडलेली असते, वाळलेल्या जिवंत पेशीत ती साखरेत किंवा प्रथिनात चिणून ठेवलेली असते. चालू असणं ही जिवंतपणाची अट नाही, चालू होऊ शकेल अशी मांडणी शिल्लक असणं ही अट आहे. रोटिफरांवरच्या प्रयोगांत वाळलेला काळ त्यांच्या वयात धरला जात नाही असंही दिसलंय. उठल्यावर जिथे थांबले तिथून पुढे मोजणी.

आणि तळटीप यांच्या त्या अळीची एक गंमत. तिचा मेंदू काढून टाकला तरी ती व्यवस्थित वाळते आणि उठते. वाळायचा निर्णय वरून येत नाही, प्रत्येक पेशी आपापला घेते. त्याच अळीच्या पेशींचा एक वाण प्रयोगशाळेत आठ महिन्यांहून अधिक, २५१ दिवस, खोलीच्या तापमानाला कोरडा ठेवून परत वाढवला गेला, २०१६ मधलं काम आहे.

उंटावरचा:
'चालू होऊ शकेल अशी मांडणी' हे पुन्हा आशेवरच आलं. पण ठीक आहे, बिनमेंदूच्या अळीपुढे मी शस्त्र टाकतो.

पावभर_यीस्ट:
मग माणसाच्या पेशी अशा का नाही ठेवता येत? रक्त भुकटी करून ठेवलं असतं.

विरजण:
ट्रेहॅलोज आपल्या पेशींच्या पटलातून आतच जात नाही. ते पटलाच्या दोन्ही बाजूंना लागतं, बाहेर शिंपडून भागत नाही. शिवाय नुसती साखर पुरत नाही, दुरुस्तीची सगळी फौज लागते. आकाराचाही प्रश्न आहे. अख्खा प्राणी वाळून उठतो अशांत ती काही मिलिमीटरची अळीच सर्वांत मोठ्यांपैकी. जाड शरीरात आतलं आणि बाहेरचं एका वेगाने वाळणारच नाही.

पण एक उसनवारी झालीच आहे. १९५० च्या दशकात लेस्ली कोलियर यांनी देवीची लस गोठवून वाळवण्याची भरवशाची पद्धत बसवली. ती उष्ण प्रदेशांत बर्फाशिवाय नेता आली आणि १९८० मध्ये देवीचं निर्मूलन जाहीर झालं, त्यात या कोरड्या लसीचा वाटा मोठा. विषाणूला जिवंत म्हणायचं का, हा उंटावरच्यांसाठी वेगळा धागा.

उंटावरचा:
नको. आधी यातून उतरू दे.

गच्चीवरची:
आले परत. नऊ दिवस लागले, पण या वेळी घाई केली नाही.

एका बशीत गाळणकागद, त्यावर बारीक वाळूचा पातळ थर, त्यात मोजून २३ रोटिफर सोडले (ड्रॉपरने, डोळे फुटायची वेळ आली). वर झाकण, थोडी फट ठेवून. पूर्ण कोरडं व्हायला दोन दिवस लागले. मग पाच दिवस तसंच ठेवलं. शेजारी दुसऱ्या काचेवर दहा रोटिफर उघड्यावर वाळवले, पंख्याशिवाय.

काल पाणी घातलं. कोमट नाही, खोलीतलंच. काचेवरचे दहाच्या दहा गेले. वाळूतले: वीस मिनिटं काही नाही. लेक कंटाळून गेली. पस्तिसाव्या मिनिटाला एका गोळ्यातून डोकं बाहेर आलं, परत आत गेलं, परत आलं. मी ओरडले तेव्हा लेक धावत आली. तासाभरात नऊ चालू झाले. आज सकाळपर्यंत चौदा. बाकीचे वाळूत हरवले की मेले, कळत नाही.

लेकीने निकाल दिलाय: "ते जिवंत नव्हते आणि मेलेही नव्हते, ते वाळलेले होते." तिसरा खाना.

कुतूहल_मोड:
जबरदस्त! अभिनंदन दोघींचं. आता चयापचय वगैरे बाजूला ठेवून मीही कठडा खरवडायला निघालो.

रिकामटेकडा:
चौदा जणांची निर्दोष मुक्तता. पंखा अजून कोठडीतच राहील.

पेढी_क्र_४:
सुंदर काम. फक्त एक सवयीचा प्रश्न. वाळू कुठून आणली? आणि वापरण्याआधी भाजून घेतली होती का? वाळूत मुळातच वाळलेले रोटिफर असतील तर चौदांपैकी तुमचे किती?

गच्चीवरची:
...

गच्चीवरची:
कुंडीतली होती. धुतली होती, भाजली नव्हती.

तळटीप:
लेव्हेनहुक यांचा गाळही पन्हळीतलाच होता, ताई.

गच्चीवरची:
तवा गॅसवर ठेवलाय. या वेळी एक बशी नुसत्या वाळूची, रोटिफर न सोडता. नऊ दिवसांनी येते.